हिलोच्या वहिनींना पोह्याचे पापड

मावशी काल गेली. तिचा नवरा ठणठणीत आहे.

असं लिहू नये म्हणतात. लिहिलं.

फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज काकांचाच. फुलांचा फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', जोडलेले तीन हात.

खाली सगळे त्यांचंच सांत्वन करतायत. "काका, खचू नका. किती केलंत तुम्ही तिच्यासाठी!"

किती केलं ते मी सांगते.

मी मूळची रोह्याची. चौथीत होते तेव्हा आई गेली. बाबा कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. मावशीने मला पेणला, रामवाडीच्या घरी आणलं. तिला मूल नव्हतं. काका बोटीवर होते. पुढे बोट सोडून त्यांनी हवाई बेटांवर हिलो नावाच्या गावात नोकरी धरली. दोन वर्षांतून एकदा यायचे.

अशाच एका खेपेला त्यांची बॅग आवरताना मावशीला फोटो सापडला. काका आणि एक बाई, दोघंही हसतायत. मागे काकांच्या अक्षरात इंग्रजीत 'माय', आणि पुढे डब्ल्यूने सुरू होणारा एक शब्द. वाहिने.

"ही कोण?"

"अगं, वहिनी. मित्राची बायको. माझं जेवणखाण तीच बघते."

आम्हाला पटलं. काकांच्या स्पेलिंगवर हसलोसुद्धा.

तेव्हापासून दर खेपेला हिलोच्या वहिनींसाठी पोह्याचे पापड जायला लागले. मावशी स्वतः लाटायची, गच्चीवर वाळवायची, जुन्या साडीत गुंडाळून डबा भरायची. "परक्या मुलखात माझ्या माणसाला जेवू घालते ती," म्हणायची.

तिला त्या बाईशी एकदा बोलायचं होतं. आभार मानायचे होते.

काका म्हणाले, "तिला इंग्रजी येत नाही. फक्त तिकडची भाषा."

त्यांना वाटलं, विषय संपला.

"मंग मी तिची भाषा शिकते," मावशी म्हणाली. दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्लेली बाई!

मी कॉलेजात होते. सायबर कॅफेतून धड्यांच्या प्रिंट काढून आणायचे. दुपारी स्वयंपाक आवरला की ती शब्द देवनागरीत उतरवून घ्यायची. घशात उचकी अडवल्यासारखे काही उच्चार होते, ते भांडी घासताना घोकायची. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. मिठाला 'पाआकाइ'. म्हणजे घट्ट झालेला समुद्र. तिच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला होता. "आमच्या बाबाला हेच तर म्हायती होतं गो," म्हणत ती किती वेळ हसली.

तिसऱ्या प्रिंटमध्ये नातीगोती होती. मी आधी वाचलं आणि त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"अंगठा काढ गो."

वाहिने: बाई, बायको.

मावशी उठली. गच्चीवर जाऊन पापड उलटून आली. परत बसली.

"पुढचा शब्द काय हाय?"

मी रडत होते. ती नाही.

आणखी दोन वर्षं ती शिकत राहिली. आता आभारासाठी नाही, एका वाक्यासाठी. 'ओ वाउ काना वाहिने.' मी त्याची बायको आहे. त्या बाईला तिच्या भाषेत, तोंडावर सांगायचं होतं.

एका सकाळी मी काकांच्या हिलोच्या घरचा नंबर लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. काका कामावर. फोन स्पीकरवर.

मावशीने वाक्य म्हटलं. एकही उच्चार चुकला नाही.

पलीकडून स्वच्छ इंग्रजी आलं. "सॉरी, मला हवाईयन येत नाही. माझ्या आजीला यायचं. कोण बोलतंय?"

'तिला इंग्रजी येत नाही' हेही काकांचं खोटंच होतं. मी कसंबसं म्हटलं, "इंडियातून, पेणहून."

"ओह! वहिनी? त्यांच्या भावाची बायको ना तुम्ही? पापड पाठवणाऱ्या?"

तिलाही तेच सांगितलं होतं. तिची वहिनी इकडे, आमची तिकडे.

मावशीला एवढं इंग्रजी कळत होतं. मला वाटलं, आता फुटेल.

"येस," ती म्हणाली. "वाहिने."

ती बाई हसली. उच्चार चुकला असं वाटलं असणार तिला. मावशीने विचारायला लावलं, पापड आवडतात का. खूप आवडतात म्हणाली. मावशीने फोन ठेवला.

मी भडकले. "खोटं का बोललीस?"

"खोटं कुठं? तिच्याच भाषेत खरं सांगितलं. तिला कळलं नाय, तर मी काय करू? आन् तिचा तरी काय गुन्हा?"

त्यानंतर पापड गेले नाहीत.

पुढच्या खेपेला काका जेवायला बसले. मावशीने बरणी पुढे सरकवली. "पाआकाइ घ्या. जेवण अळणी वाटंल तुम्हाला."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी बरणीवरची चिठ्ठी वाचली, मग मावशीकडे पाहिलं. तीन दिवसांत ते परत गेले, ते गेलेच. कालसुद्धा आले नाहीत. फुलांचा फोटो आला.

मावशीने भाषा मात्र सोडली नाही. मला सांगायची, त्यांच्यात 'माझं'ला दोन शब्द हायत. आपण मिळवलेल्याला 'का-उ'. जन्माबरोबर आलेल्याला 'को-उ'.

"नवरा कशात?" मी विचारलं.

"का-उ. चमचा, पुस्तक, नवरा."

काल रात्री तिची वही उघडली. नात्यांच्या पानावर एक शब्द आहे, माकुआहिने. पुढे तिने लिहिलंय: आई. मावशी. दोघींना एकच. हिला 'को-उ' लागतं.

ग्रुपवर काकांच्या फुलांखाली मी ते दोनच शब्द टाकले. एका भावाने विचारलं, "टायपिंग मिस्टेक का गं?"

नाही रे. या घरात चुकीचं वाचणं आता बास झालं.

जा मावशी. तुझे उच्चार बरोबर होते.

को-उ माकुआहिने.

माझी आई.