केबलला लावलेलं मोहाचं तेल

त्या गाडीबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. लाल, दोन माणसांची, बिनछताची, विलायती. ऐंशीच्या दशकात चामोर्शीच्या आठवडी बाजारातून ती चालवत नेली की भाजीवाल्या बाया विचारायच्या, "साहेब, बाकीची गाडी कुठी ठेवली?" हा किस्सा मी रंगवून सांगतो आणि तिथंच थांबतो. पुढं जे झालं त्यात माझ्याकडून सांगण्यासारखं काही झालं नाही.

गाडी मुळात चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या मॅनेजरची. तो कायमचा निघून गेला तेव्हा ती शेडमध्ये बंद पडून होती, आणि मला ती एखाद्या म्हाताऱ्या म्हशीच्या भावात मिळाली. मिळवून दिली ती मॅनेजरच्या ड्रायव्हरनं. ते आमच्याच वस्तीतले, माझ्या वडिलांचे दोस्त. मी त्यांना भाऊ म्हणायचो. मॅनेजर गेल्यावर त्यांनी चंद्रपूरच्या बसस्टँडजवळ एक टपरी टाकून गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली होती. मी ज्युनिअर इंजिनिअर होऊन चामोर्शीला कालव्याच्या कामावर लागलो, तेव्हा वस्तीत पेढे वाटायला बाबांच्या पुढे भाऊच होते. ती गाडी त्यांनी दोन महिने खपून चालू केली.

सगळं ठीक झालं, फक्त स्पीडोमीटरचा काटा नाचायचा. वीस, चाळीस, पुन्हा वीस, आणि डॅशबोर्डमागून किर्र आवाज. भाऊंनी मला खाली बसवलं आणि केबल काढायला लावली. स्वतः हात लावला नाही.

"म्या करून देईन तं तुले येनार नाई," ते म्हणाले. "आतली तार बाहेर ओढ. घासलेटनं धू. फडक्यानं पूस, सुकू दे. मंग ग्रीस लाव, पर बोटाले लागन येवढंच. अन् वरची वीतभर कोरडी ठेव. काऊन? ते फिरता फिरता वर चढते. मीटरमंदी गेलं का मीटर खाऊन टाकते."

मी मान हलवली. डिप्लोमा झालेल्या माणसाला चौथी शिकलेला माणूस शिकवतो तेव्हा तो जशी हलवतो, तशी. तार धुऊन झाली, पण तोवर उन्हं कलली, आणि अंधाराआधी चामोर्शी गाठायचं म्हणून ती तशीच गाडीत टाकून निघालो; ग्रीस लावायचं राहिलं. भाऊंनी काढून दिलेली ग्रीसची डबी मी त्यांच्याच टपरीत विसरलो.

चामोर्शीला रविवारी केबल बसवायला घेतली तर ग्रीस नाही. घरमालक धानाचे शेतकरी. त्यांच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसाला मोहाच्या बियांचं तेल लावायचे, घरात दिव्यालाही तेच. मी म्हटलं, बंडीचा आस फिरतो तर ही तार का नाही फिरणार? मालकीणबाईंकडून बाटली मागितली. डिसेंबरची सकाळ होती, तेल तुपासारखं गोठलेलं. मी ती बाटली उन्हात ठेवली, पातळ होईपर्यंत शेजारी बसून पेपर वाचला, आणि मग तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलात बुचकळून काढली. उन्हाशिवाय जे बाटलीतून बाहेर येत नाही, ते मीटरमध्ये गेल्यावर काय करेल, हा विचार त्या पेपरच्या कुठल्याही पानावर मला सुचला नाही. याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

दुपारी गाडी काढली. काटा असा स्थिर की बघत राहावं. आठवडाभर दुपारी फिरलो आणि स्वतःवर खूश राहिलो.

त्याच दिवसांत गडचिरोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची एक जागा निघाली. रोजंदारीची होती, पण बारमाही, आणि वयाची अट नव्हती. भाऊ पन्नाशीला आलेले. रस्ता रुंद होणार म्हणून त्यांची टपरी उठणार होती. मी मोठ्या साहेबांना त्यांचं नाव दिलं. साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलाच असेल." हे मी चंद्रपूरला जाऊन भाऊंना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी टपरीवर आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात साहेब चामोर्शीला मुक्कामी आले. त्यांना गाड्यांचा भारी शौक. सकाळी सातला म्हणाले, "चला, तुमच्या स्पोर्ट्स कारमधून कालवा बघू." थंडी कडाक्याची, तोंडातून वाफ निघत होती. गावाबाहेर पडताच साहेब मीटरकडे वाकून बघू लागले. काटा जागचा हलेना. काचेला आतून पांढरट ओघळ दिसत होता. मी वेग वाढवला. एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला, काटा पार शेवटाला जाऊन आपटला, आणि काहीतरी तुटल्याचं पायाशी जाणवलं.

"कोणी केलं होतं हे काम?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधं होतं. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं.

"चंद्रपूरला एक मेकॅनिक आहेत, त्यांनी," मी म्हणालो.

"तुम्ही नाव दिलंय तेच?"

इथंही वळता आलं असतं. पण आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर साहेबांसमोर अडाणी ठरणार, याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हणालो, "हो सर."

"बरं झालं, आधीच कळलं," असं म्हणून साहेब बाहेरची शेतं बघू लागले.

रविवारी भाऊ एस.टी.नं चामोर्शीला आले. केबल तुटल्याचं मी कळवलं होतं, म्हणून नागपूरच्या भंगारबाजारातून त्यांनी माझ्यासाठी दुसरी मिळवली होती. वर्कशॉपमधून 'नाही' असा निरोप त्यांना मिळाला होता, पण कारण कोणी सांगितलं नव्हतं. ते गाडीखाली गेले, तुटलेली तार काढून बाहेर आले आणि तिला लागलेला पांढरा थर नखानं खरवडून हुंगला.

"मोहाचं तेल लावलं?" ते हसत सुटले. "इंजिनेर झाला अन् बंडीसारखी गाडी वंगते."

मीही हसलो. हसता हसता म्हणालो, "हे तुटलं तेव्हा साहेब सोबत होते, भाऊ. त्यांना वाटलं, काम तुमचं आहे."

त्यांना वाटलं! इतकं सफाईदार वाक्य मी पुन्हा कधी रचलं नाही.

भाऊंचं हसू थांबलं. मग त्यांनी ती तार वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "हे साहेबाले दाखव. वास घ्या म्हना. मेकॅनिकचा हात असा नसते, हे कोनालेही समजन. जागा भरली नाई अजून. तू सांगशीन तं आयकतीन."

सोमवारी मी गडचिरोलीला गेलो. पुडकं हातात घेऊन साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो. वास येत होता, निदान मला तरी. साहेबांनी वर बघितलं. "काय काम होतं?"

"दोन दिवसांची रजा हवी होती," मी म्हणालो.

रजा लगेच मिळाली. मी चंद्रपूरला गेलो. भाऊ टपरीचे पत्रे उतरवत होते. त्यांनी विचारलं, "दाखवलं?" मी म्हणालो, "दाखवलं. खूप सांगितलं. नाही म्हणाले." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पत्र्याचा नट सोडवू लागले. माझ्यावर अविश्वास दाखवण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं.

महिनाअखेर त्यांना सिरोंच्याकडे बांबूच्या ट्रकवर काम मिळालं. मोटारी खोलून पुन्हा जोडणारा माणूस त्या वयात पुन्हा रात्रंदिवस स्टिअरिंगवर बसणार होता. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले. मी रविवार म्हणून घरी होतो. दारातच त्यांनी बाबांचा हात धरला.

"तुह्या पोरानं माह्यासाठी मोठ्या साहेबासंगं भांडन केलं," ते बाबांना म्हणाले. "नोकरी नवी असून. जागा गेली तं गेली. आपल्यासाठी बोलनारा एक मानूस हापिसात आहे, हे काई कमी नाई."

बाबा फार बोलणारे नव्हते आणि कौतुक करणारे तर मुळीच नव्हते. ते उठून माझ्याजवळ आले आणि भाऊंच्या देखत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.