टाकीचं बूच

नागावच्या दयारामची जीप म्हणजे म्हातारीच. हॉर्न सोडून तिचं सगळं वाजतं, अशी चेष्टा नाक्यावर रोज व्हायची. पण तिने कधी कुणाला वाटेत टाकलं नव्हतं. यंदा शिमग्यानंतर मात्र तिने गचके खायला सुरुवात केली. नागावहून गुणी पोरीसारखी निघायची, आक्षीचा पूल आला की इंजिन अडखळायचं, धापा टाकायचं आणि बंद पडायचं. थोडा वेळ उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू. मासळी घेऊन अलिबागला निघालेल्या बायका दोनदा उतरून चालत गेल्या, तिसऱ्यांदा चढल्याच नाहीत.

मेकॅनिक रामचंद्र हा दयारामचा शाळेतला सोबती. त्याने फिल्टर बदलला, नोझल साफ केले, डिझेल पंप काढून तपासून आणला. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी. जीप गचके खातच राहिली.

"आता इंजिन खोलावं लागंल," रामचंद्र म्हणाला. "न्हायतर भंगारात दे. वय झालं तिचं."

भंगारात द्यायला दयाराम तयार नव्हता. जीपची त्याला फारशी माया नव्हती. पण तिच्या टाकीला झाकणाच्या जागी एक लाकडी बूच होतं, आणि ते प्रज्योतने तासलेलं होतं.

प्रज्योत त्याचा एकुलता एक मुलगा. बापाच्या बदली जीपवर बसायचा, अधूनमधून मामाच्या होडीवर जायचा. टाकीचं झाकण कुठेतरी पडलं, तेव्हा नवं आणायचं सोडून या पठ्ठ्याने भेंडीच्या झाडाच्या लाकडाचं बूच केलं, होडीच्या बुडाच्या भोकाला मारतात तसं. "ही काय होडी हाय?" म्हणून दयाराम ओरडला होता. पोरगा नुसता हसला होता. गेल्या पावसाळ्यात वडखळच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. बूच राहिलं. त्याच्यावर प्रज्योतच्या कोयत्याचे घाव होते. डिझेल भरताना दयाराम त्यांच्यावरून अंगठा फिरवायचा, आणि पंपावरचा माणूस दुसरीकडे बघायचा.

इंजिन खोलण्याआधी एकदा सोबत येऊन बघ, अशी त्याने रामचंद्रला गळ घातली. दोघे निघाले. पुलावर जीप नेहमीसारखी मेली. टाकीत डिझेल तरी आहे का बघावं म्हणून रामचंद्र उतरला. बूच काही केल्या निघेना. शेवटी दोन्ही हातांनी पिळून ओढलं, तशी टाकीने सूं करून हवा आत घेतली. रामचंद्र तसाच उभा राहिला.

"चालू कर," तो म्हणाला.

जीप एका दमात सुरू झाली आणि सुरूच राहिली.

"दया, डिझेल जाईल तशी टाकीत हवा नको शिरायला? म्हणून तर झाकणाला बारीक भोक असतं. हे बूच पक्कं बसलंय. गाडी गुदमरत होती."

"पन आधी तर बरी चालायची."

"आधी ढिलं असंल. बुचाला हा कपडा कवा गुंडाळलास?"

"शिमग्याला," दयाराम म्हणाला. "लाकूड आखडलं व्हतं. खड्ड्यात हलायचं. पडंल म्हणून."

होडीचं बूच ढिलं झालं की चिंधी गुंडाळून ठोकतात, तसंच त्याने ठोकलं होतं. रामचंद्रने बूच उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "यालाच भोक पाडून देऊ?"

"नको. त्याला हत्यार लावू नको."

ढिलं ठेवलं तर पडणार, घट्ट मारलं तर गाडी मरणार. रामचंद्रने टाकीला दुसरं झाकण बसवून दिलं. दयाराम बूच खिशात घालून घरी आला. सारा रस्ता इंजिन सुरात चाललं, आणि त्याला ते ऐकवत नव्हतं.

ओटीवर त्याची बायको ठमी बसली होती. त्याने बूच तिच्यापुढे ठेवलं. तिने चिंधी सोडवली, आणि आतल्या बाजूच्या निळ्या चौकड्या बघून तिचा हात थांबला. प्रज्योतचा एक शर्ट तिने न धुता पेटीत ठेवला होता. दुपारी कुणी नसलं की ती तो नाकाला लावून बसायची.

"पेटीतला?" तिने विचारलं.

"खालच्या कडेची पट्टी काढली," दयाराम म्हणाला. "पोराच्या बुचाला पोराचाच कपडा, म्हणून. तुला इचारला न्हाय."

ती चिडेल असं त्याला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पट्टी नाकाला लावली.

"डिझेल," ती म्हणाली. मग पट्टीची नीट घडी घालत म्हणाली, "शर्टाचा वास तर दिवालीच्या आधीच गेला. तुमाना सांगायचा धीर न्हाय झाला."

ती पट्टी घेऊन आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला नाही. दयाराम बूच हातात घेऊन बसून राहिला. ते आता कुठेच बसवायचं नव्हतं.