लाइलच्या पियानोतली रायफल

लाइल ट्रेलोर गेला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या वारंडी गावानं एक थोर कायदेपंडित गमावला. गावच्या नेमबाजी क्लबाचा तो अध्यक्ष. बंदूक म्हणजे जबाबदारी, हे त्यानं इतक्या वेळा ऐकवलं होतं की तो दिसला की माणसं अर्धी बिअर टाकून मेंढ्यांकडे पळत. शेजारच्या कॉलिन स्कूसनं काडतुसं चमच्यांच्या खणात ठेवली, तर लाइलनं स्वतः पोलिसांना कळवलं. कॉलिनचा परवाना गेला, आणि कोल्हे त्याची कोकरं निवांत खाऊ लागले. "कायदा सगळ्यांना सारखा," लाइल म्हणाला.

बायकोला, बेरिलला, त्यानं बंदुकीला कधी हात लावू दिला नाही. "तुझे हात थरथरतात," म्हणायचा. ते कशानं थरथरतात, हे विचारायला त्याला आयुष्यभरात सवड झाली नाही.

लाइलच्या दोन्ही बंदुका क्लबानं रीतसर परवानाधारक दुकानदाराकडे पोचवल्या. मग बेरिलनं पियानो चर्चला द्यायचं ठरवलं. न्यायला आलेल्यांपैकी एकानं वजन कमी करायला खालची फळी काढली, तर आतून घोंगडीत गुंडाळलेली रायफल निघाली. लाइलच्या आजोबांची. तीच बिननोंदणीची, जी सरकारजमा करताना आपले डोळे कसे भरून आले, हे लाइल दर नाताळच्या जेवणात सांगायचा. चर्चच्या मंडळींना एकाएकी आठवलं, की त्यांना पियानोची तशी घाई नाही.

बेरिल खुर्चीत बसली. दफनाच्या वेळी न आलेलं रडू आता आलं, पण ते रागाचं होतं.

ॲडलेडहून मुलगा ग्रँट फोनवर म्हणाला, "आई, तळ्यात टाकून दे. नाहीतर बाबांचं नाव जाईल."

"म्हणजे आता मी गुन्हा करू?"

तेवढ्यात कॉलिन आला. रायफल बघून तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "माझी चमच्यांत, याची सुरांत! बेरिल, परत आत ठेव. मी कुणाला बोलणार नाही."

"तू तासाभरात गावभर करशील. सरक, मला फोन लावू दे."

पोलीस ठाण्यातून सार्जंट तमारानं बजावलं, "गाडीत घालून आणू नका, हात लावू नका. मी येते." आली, रायफल रिकामी आहे हे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही स्वतःहून कळवलंत, त्यामुळे खटला नाही. मोडीत काढू? की परवाना काढून नावावर करून घेणार?"

दुसरा प्रश्न तिनं केवळ नियमापोटी विचारला होता.

"नावावर," बेरिल म्हणाली.

परवाना मिळेपर्यंत रायफल पोलिसांनीच ठेवली. सुरक्षेचा वर्ग क्लबातच होता. शेजारच्या खुर्चीत कॉलिन. त्याचीही बंदी संपून नव्यानं सुरुवात होती. "काडतुसं कुठं ठेवायची?" शिक्षकानं विचारताच अख्खा वर्ग वळून कॉलिनकडे बघू लागला.

"वेगळी, कुलुपात," कॉलिन म्हणाला. "चमचे उघड्यावर ठेवले तरी चालतात."

नेमाच्या वेळी बेरिलचे हात दगडासारखे स्थिर होते. शिक्षकानं तिला तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "हल्ली घरात शांतता असते."

परवाना आला, रायफलीची नोंद झाली, लोखंडी कपाट भिंतीला बोल्टांनी आवळून झालं. तमारा तपासायला आली. "चावी कुठं असते?"

"ते माझ्या मुलालाही माहीत नाही. तुम्हाला कायद्यानं सांगावंच लागेल का?"

"मला नका सांगू," तमारा हसत म्हणाली.

वसंतात क्लबाचे दोन सभासद टोप्या हातात घेऊन आले. सुरक्षित नेमबाजीच्या चषकाला लाइलचं नाव द्यायचं आधीच ठरलं होतं. अक्षरंही कोरून झाली होती. आता काय करावं?

"राहू द्या की," बेरिल म्हणाली. "कायदा त्याला खरंच तोंडपाठ होता."

त्यांना चहा देऊन ती कुंपण बघायला गेली. कोकरं व्हायचे दिवस होते, म्हणजे कोल्ह्यांचेही.