दलदलीत सोडलेली घटपर्णी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. भित्रा होतो म्हणून. दुसरं कारण शोधूनही सापडणार नाही.

दोन हजारच्या सुमारास ब्रिस्टलला, माझ्याच कारखान्यातल्या नागपूरकर मित्राने मला घटपर्णीचं एक रोप दिलं. पानांच्या सुरया, त्यांत माशा पडून विरघळतात. त्याच्या ग्रीनहाउसमध्ये अशी वीसेक होती. आमच्याकडे उन्हाची खिडकी एकच, स्वयंपाकघरातली, देव्हाऱ्याशेजारची. बायको म्हणाली, "अहो, देवासमोर मांस खाणारं झाड? आजच्या आज बाहेर." जिवंत रोप कचऱ्यात टाकवेना. निर्माल्य नदीत सोडावं तसं मी ते तासाभरावरच्या दलदलीत सोडून आलो, वर नमस्कारही केला. मूर्ख! मित्राला सांगितलं, रोप मेलं.

सात वर्षांनी, जूनमध्ये, मी आणि तो मित्र स्वयंसेवक म्हणून त्याच दलदलीत दवबिंदूची, म्हणजे चिकट पानांवर किडे धरणारी इवलीशी रोपं मोजायला गेलो. शेवाळावर घटपर्णी पसरली होती, ऐन फुलोऱ्यात. हातभर उंच दांडे, त्यांवर माना खाली घातलेली गडद लाल फुलं. सुंदर होती, याचाच संताप आला. त्यांच्याखाली तिथली मूळची दवबिंदू पार दबून गेली होती.

दलदलीची देखरेख करणाऱ्या वॉर्डनने सगळ्यांसमोर मित्राला विचारलं, "तुमच्याकडे हीच आहेत ना?" विचारलं कसलं, निकालच दिला.

"माझी सगळी घरी आहेत," मित्र म्हणाला. कुणी मानलं नाही. बाकीचे बुटांवरचा चिखल बघत राहिले. मीही.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "अबे, तुला दिलेलं ते नक्की मेलं होतं ना?"

"हो म्हटलं ना," मी त्याच्यावरच खेकसलो.

त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. मला येत राहिलं, आणि मी निर्लज्जासारखा जात राहिलो, घटपर्णी उपटायला.

दोन वर्षांनी तो आजारी पडून ग्लासगोला मुलाकडे गेला. माफी मागायलाच मी ट्रेनने गेलो, वाटभर वाक्य घोकत. अंथरुणातून तो हसला, "अबे, वहिनींनी हाकललं का तुला एवढ्या लांब?" दीड तास खोलीत आम्ही दोघंच होतो. मी प्रवासाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. निघताना त्याने हात धरला. "बोल की बे."

"काळजी घे," मी म्हणालो.

त्याच महिन्यात तो गेला. वाक्य एवढंच होतं: ते रोप मी सोडलं होतं, आळ तुझ्यावर आला तरी गप्प बसलो, मला माफ कर.