सातव्या मजल्यावरचा माळी

नोकरी गेल्याचं घरी माहीत होतं, पण सुधन्वाने सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे दिवे बनत, तिथे तो तपासणी खात्यात होता. काचेवर केसाएवढा चरा असला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. थंडी सरता सरता कंपनीने ती लाईनच बंद केली. तरुण पोरांना दुसरीकडे सामावून घेतलं. सुधन्वा पन्नाशीकडे झुकला होता, त्याला हार घालून घरी पाठवलं.

गेटवरच्या गार्डने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "साहब, आजकल घर से काम?"

"हां, बिल्कुल," सुधन्वा म्हणून गेला, आणि एकदा म्हटल्यावर ते निभावणं आलं. सकाळी बायको तेजश्री डबा घेऊन मेट्रोने दिल्लीला आपल्या मंत्रालयात जाई, मुलगी मैत्रेयी शाळेच्या बसने. मागे तो सातव्या मजल्यावरच्या घरात दार लावून बसायचा. खाली जायची वेळ आलीच तर मागची सर्व्हिस लिफ्ट धरायचा. ती लिफ्ट कामवाल्या बायकांसाठी, सामान वाहणाऱ्यांसाठी. तिथे 'आज छुट्टी है क्या?' असं विचारणारं कुणी भेटत नसे.

कारखान्यातून निघताना त्याने एक खोका आणला होता. दिव्यांची प्लॅस्टिकची कवचं होती त्यात, त्याने स्वतःच नापास केलेली. का आणली ते त्यालाही सांगता आलं नसतं. एका दुपारी काही सुचेना, म्हणून त्याने त्यातलं एक उचललं, तळाला तापल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली, माती भरली आणि सोसायटीच्या बागेच्या कडेला वाढलेल्या रोपाच्या चार काड्या त्यात खोचल्या. उन्हाळा लागला तशी त्यावर गुलाबी फुलं आली. रविवारी मैत्रेयीचं लक्ष गेलं.

"बाबा, ये तो मस्त है. नाव काय ह्याचं?"

"ऑफिस टाइम. ऑफिसच्या वेळेला उमलतं म्हणून."

मैत्रेयी हसली नाही. तिने पटकन नजर दुसरीकडे वळवली, आणि सुधन्वाला वाटलं, याऐवजी ती हसली असती तर बरं झालं असतं.

पण हाताला चाळा लागला तो लागलाच. गॅलरी ती केवढी, कपड्यांचा स्टँड उघडला की माणसाला आडवं व्हावं लागे. त्याने कठड्याची आतली बाजू धरली, भिंत धरली, एसीच्या डब्याखालची जागा धरली. एसीतून ठिबकणारं पाणी नळीने खालच्या कवचांत सोडलं. जुन्या चाळणीत मेथी पेरली, मैत्रेयीच्या लहानपणच्या सायकलचं चाक आडवं टांगून त्यावर कारल्याचा वेल चढवला. वरची सावली कुठल्या रोपाला हवी, उरलेलं ऊन कुणाला द्यायचं, याचा विचार करता करता जेवायची वेळ टळून जायची. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू हातात घेऊन त्यांतली खोट काढली होती. आपणही काही बनवू शकतो हे त्याला या वयात कळत होतं. तरी तेजश्रीची चावी दाराला लागली की तो हात धुऊन, कामात असल्यासारखा लॅपटॉपसमोर जाऊन बसे.

मे महिन्यात बेसमेंटमध्ये त्याला कुणीतरी टाकून दिलेला वॉशिंग मशीनचा ड्रम दिसला. अंगभर भोकं असलेला, पाणी न तुंबणारा. तो खांद्यावर घेऊन सर्व्हिस लिफ्टशी उभा राहिला. अंगात मळकी बनियन, नखांत माती. समोरची, रहिवाशांची मोठी लिफ्ट त्या दिवशी बंद होती, म्हणून बाराव्या मजल्यावरच्या मिसेस खुरानाही तिथेच आल्या. त्या सोसायटीत नव्या होत्या, एकट्याच राहत. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं.

"भैया, आप माली हो?"

सुधन्वाला 'नाही' म्हणायला क्षणभरही लागला नसता. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरी असलेल्या पुरुषाला दहा खुलासे करावे लागतात. माळ्याला एकही करावा लागत नाही.

"जी," तो म्हणाला.

"मेरे यहाँ भी देख लो ना. इनके जाने के बाद सब सूख रहा है."

त्यांच्या यजमानांची हौस होती ती. यजमान गेले आणि कुंड्या तशाच ट्रकमधून इकडे आल्या. सुधन्वा वर गेला आणि मोगरा पाहून त्याला राहवेना. मुळं कुंडीत गच्च वेटोळी घालून बसली होती. त्याने ती मोकळी केली, माती बदलली. मग आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. पैशांचं निघालं तेव्हा "सोसायटी देती है" असं ठोकून दिलं. एका खोट्याला दुसरं टेकू म्हणून लावलं, झालं. माळी म्हणून का होईना, त्या घरात त्याला मोकळं वाटे. यजमानांच्या दोन जुन्या सुटकेसी होत्या, त्या उघड्या करून त्याने त्यांत पुदिना आणि पालक लावला. मिसेस खुराना बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इन्हें बहुत अच्छा लगता." त्या दिवशी तो खाली उतरला तो गुणगुणतच.

चहा मात्र स्टीलच्या पेल्यात यायचा. तो पेला ओट्यावर नसे, मागच्या गॅलरीत झाडूशेजारच्या फळीवर असे. "पी के धो देना, भैया," त्या म्हणत. अगदी गोड आवाजात, त्यात अपमान करायचा हेतू नावालाही नव्हता. सुधन्वाने पहिल्यांदा तो पेला विसळला तेव्हा त्याचे कान तापले. मनात म्हणाला, शिकलेली बाई आणि ही रीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी मौसमी त्याच्या घरी भांडी घासत होती. आठ वर्षं ती येत होती. तिचं काम आटोपलं, तेजश्रीने जाता जाता तिच्यासाठी चहा गाळला आणि सिंकखालून, साबणाच्या डब्यामागून, कान तुटलेला कप काढला. सुधन्वा हा कप आठ वर्षं पाहत होता. तपासणी खात्यातला माणूस, चरा न सुटणारा.

तेजश्री गेल्यावर त्याने तो कप कचऱ्यात टाकला. पुढच्या दिवशी मौसमीला घरातल्या कपात चहा दिला, तर ती कप हातात न घेताच म्हणाली, "साब, मेरा वाला किधर गया?"

"टूट गया."

"तो गिलास दे दो ना. इसमें नहीं."

तिने भांड्यांतला एक पेला स्वतःच उचलून त्यात चहा ओतून घेतला आणि दाराशी उभं राहून प्याली. तो खोलीत निघून गेला.

जुलैत तेजश्रीच्या वरिष्ठांचा निरोपसमारंभ दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर होता. सहकुटुंब बोलावणं होतं. सुधन्वाने इस्त्रीचा शर्ट घातला, तेजश्रीने पैठणी काढली. मोठ्या लिफ्टचं बटण तिनेच दाबलं. दार उघडलं तर आत मिसेस खुराना.

"अरे माली भैया, आप इस लिफ्ट में?" त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष शर्टाकडे गेलं, पैठणीकडे गेलं, आणि वाक्य तिथेच अडखळलं.

मैत्रेयी तीक्ष्ण आवाजात म्हणाली, "आंटी, ये माली नहीं हैं. मेरे पापा हैं."

माली या शब्दावर तिचा आवाज असा चढला, जणू कुणी शिवी दिली. हे तिला कुणी शिकवलं, हे सुधन्वाला विचारावं लागलं नाही. लिफ्ट उतरत राहिली. चौघंही मजल्यांचे आकडे बघत होते.

समारंभात तो कुणाशी काय बोलला हे त्याला आठवत नाही. घरी आल्यावर मैत्रेयी आपल्या खोलीत गेली. तेजश्रीने बांगड्या उतरवल्या आणि त्याच्यासमोर बसली. त्याने सगळं सांगितलं, ड्रमपासून पेल्यापर्यंत.

"म्हणजे तिकडे तू बोलत होतास," ती म्हणाली.

"झाडांबद्दल."

"तेच. इथे मी आले की लॅपटॉप उघडून बसतोस. स्क्रीन बंद असते, सुधन्वा. मला दिसत नाही का? मी रोज डबा घेऊन निघते ती चोरासारखी, चपलांचा आवाज न करता. तुला वाईट वाटू नये म्हणून. कारलं किती सुंदर चढलंय हे तुला सांगायचं होतं, तेही सांगितलं नाही. म्हटलं, चिडेल."

आपली लाज आपण एकट्याने वाहतोय असं त्याला वाटत होतं. ती तिघांनी वाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या लिफ्टने बाराव्या मजल्यावर गेला. मिसेस खुरानांनी दार उघडलं आणि त्या इतक्या ओशाळल्या, की त्याला परत फिरावंसं वाटलं. त्यांनी त्याला सोफ्यावर बसवलं, नक्षीच्या कपात चहा आणला, ताटलीत बिस्किटं मांडली. दोघांनीही माफी मागितली.

"मोगऱ्याला आज पाणी..." तो उठायला लागला.

"नहीं नहीं, भाईसाहब, आप क्यों. मैं किसी को रख लूँगी."

तो पुन्हा बसला. गॅलरीचं दार चार पावलांवर होतं आणि आता त्याला तिकडे जाता येत नव्हतं. बिस्किट चहात बुडवताना मोडलं, तेही काढता आलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र त्याने हात न लपवता गॅलरीत काम केलं. मैत्रेयी दाराशी येऊन उभी राहिली.

"रोपाभोवती आळं कर जरा," तो म्हणाला.

"आळं म्हणजे?"

त्याने बोटाने करून दाखवलं. तिने केलं, वाकडंतिकडं. लिफ्टचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. त्याच महिन्यात त्याने गार्डला सांगून टाकलं की नोकरी गेली. गार्ड म्हणाला, "अच्छा," आणि दुसऱ्या गाडीसाठी फाटक उघडायला गेला. एवढंच झालं.

दिवाळीच्या आधी त्याला मानेसरलाच काम मिळालं, छोट्या कारखान्यात, हुद्दा आधीपेक्षा खालचा. शेअर ऑटोने जायचा. एका संध्याकाळी इंटरकॉम वाजला. मिसेस खुराना होत्या. ठेवलेला माणूस टिकला नव्हता, मोगऱ्याची पानं पिवळी पडत होती. बराच वेळ आढेवेढे घेऊन त्यांनी विचारलं, "आप आ सकेंगे कभी? दिन में?"

"दिन में तो मैं ऑफिस में होता हूँ," सुधन्वा म्हणाला. "शनिवार को आऊँगा."

फोन ठेवला तरी ते पहिलं वाक्य त्याच्या कानात राहिलं. 'ऑफिस' म्हणताना आवाज केवढा भरदार झाला होता. आत ओट्यापाशी तेजश्रीनेही ते ऐकलं असणार. सुधन्वाचे कान पुन्हा तापले, आणि शनिवारी न्यायची खुरपी शोधण्याच्या निमित्ताने तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.