सगळ्या बाह्या डाव्या

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. वीस वर्षं तिचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मोठमोठे गठ्ठे ती सपासप कापायची.

पाळी अडतिसाव्या वर्षीच थांबली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढे आकडे निसटायला लागले. टेप हातात धरून उभी राहायची आणि माप डोक्यातून पसार! उगाचच छातीत धडधडायचं. कुलूप लावलं की नाही, बघायला अर्ध्या वाटेवरून घरी यायची. एके दिवशी तर अख्ख्या गठ्ठ्याच्या बाह्या डाव्याच निघाल्या.

"मास्तरीणबाई, दोन डाव्या हातांची पोरं कुठून आणायची आता?" मालक म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, आणि मोरीत जाऊन रडली.

त्याच वर्षी लेकीच्या तीन वर्षांच्या मुलाची तपासणी झाली. तो अजून बोलत नव्हता. मग लेकीचं रक्त तपासलं, मग हिचं.

"आजी, तुमच्या एका जनुकात थोडी वाढ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीच लेकीत आली आणि नातवात फार वाढली. तुमच्या वडिलांचे हात थरथरायचे का?"

"थरथरायचे. लोक म्हणायचे, पितो. थेंबाला शिवले नव्हते हो ते!"

"तेही यातूनच असेल. बायकांची पाळीही यात लवकर थांबते कधीकधी."

"आणि माझं हे विसरणं, ही धडधड?"

"काही बायकांना होतं असं. तुमचं यामुळेच, असं छातीठोक नाही सांगता येत. धडधडीवर गोळी देते. मूळ मात्र बदलता येत नाही."

बाहेर पायऱ्यांवर लेक थबकली. "आई, आधी ठाऊक असतं तर मला जन्म दिला असतास?"

तिनं हातातल्या कागदांची पुन्हा एक घडी घातली.

"तुझ्यावर राग नाही गं," लेक म्हणाली. "पण मग काढू तरी कुणावर?"

महिनाभरात मालकानं तिला बटणं लावायला बसवलं. चांगुलपणानंच. कात्री दुसरीच्या हाती गेली.

एका दुपारी लेकीचा फोन आला. "आई, पुढची तपासणी कधी आहे म्हणाले होते मी?"

"गुरुवारी, अकराला."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. तोच प्रश्न, तसाच्या तसा.

तिनं हातातलं बटण खाली ठेवलं. आवाज हलू न देता, जणू पहिल्यांदाच सांगतेय असं, ती म्हणाली, "गुरुवारी गं. अकराला."