चादर सरकण्याचा वेग

नव्या चादरीच्या खळीचा वास आला की सोलापुरातलं ते चादरीचं दुकान आठवतं. त्या दुकानाची वेबसाइट मी करत होतो. मोबाइलच्या पडद्यावर एकामागून एक चादरी सरकायच्या आणि त्यांचा वेग स्क्रिप्टमधल्या एका आकड्यावर ठरायचा. भर उन्हाळ्याची दुपार होती, पंखा गरम वाराच फेकत होता. शेजारी बसलेले म्हातारे मालक म्हणाले, "लई पळतंय की." मी तीन सेकंदांचे पाच केले, मग आठ. "आता झोपलं की ओ." दहाबारा वेळा आकडा बदलून मी वैतागलो. "काका, नेमके किती सेकंद ठेवू ते तरी सांगा." ते उठले आणि माझ्यापुढं एक चादर उलगडली. मी तिच्यावरून हात फिरवला. हात मागं घेतला, तेव्हाच त्यांनी दुसरी उलगडली. "गिऱ्हाइकाचा हात हाय तोवर दुसरी काढत न्हाय आमी," ते म्हणाले. मी तो आकडाच काढून टाकला. बोट टेकलेलं असेल तोवर चादर थांबेल, उचललं की पुढची येईल, असं लिहिलं. हल्ली सगळ्यांना सगळं पळतंच हवं असतं आणि मीही नव्या साइटवर न विचारता सेकंदांचा आकडा घालून मोकळा होतो. काल कामावरून आल्यावर ती साइट उघडली, एका चादरीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.